तुमचे प्रश्न : दुकानात नवं सॉफ्टवेअर आलं, आता माझं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांत हिशोबाची पत्रंच जास्त आहेत. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली चार घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते थोडक्यात आटपावं असं वाटलं नाही.

ताई नमस्कार. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या पेढीवर २६ वर्षं अकाउंट बघतो, वय ५३. आधी लाल वहीत रोजमेळ लिहायचो, मग कॉम्प्युटरवर हिशोबाचं टॅली शिकलो. आता शेठचा मुलगा धंद्यात आलाय, त्याने ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. बँकेच्या एंट्र्या आपोआप पडतात, बिलाचा फोटो काढला की खरेदी चढते, उधारीचा मेसेज पण तेच पाठवतं. माझं दिवसभराचं काम तासात होतं. शेठ काही बोलले नाहीत पण मला झोप लागत नाही, मुलीचं शिक्षण बाकी आहे. या वयात काय करू?
— एक वाचक, भांडुप

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नोकऱ्या कमी होणार नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण जिथे तीन जण एंट्री करत बसायचे तिथे आता एक पुरतो हे मी स्वतः पाहिलंय. पण तो एक कोण असतो तेही पाहिलंय, आणि तो बहुतेक वेळा तुमच्यासारखाच माणूस असतो, ज्याला गिऱ्हाईक माहीत आहे.

मी काळबादेवीला कापडाच्या पेढीवर लागले तेव्हा आधी कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, त्यावरून खतावणी म्हणजे नावानावाची खाती, आणि महिनाअखेरीस तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांची जमा आणि नावे बाजूंची बेरीज जुळवायची, अकरा रुपयांचा फरक असला तरी दिवे लागून गेले तरी बसायचं. टॅली १९८६ साली बंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी काढलं, आमच्या पेढीवर ते यायला बरीच वर्षं गेली, आणि आलं तेव्हा आमच्या दिवाणजींनी अगदी तुमचाच प्रश्न विचारला होता. तेरीज जुळवायचं काम गेलं हे खरं. पण एका गिऱ्हाईकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडली तरी तेरीज जुळतेच ना, ती चूक तेव्हाही दिवाणजीच पकडायचे कारण त्यांना माहीत असायचं की हा माणूस कधी एवढी रक्कम एकदम देत नाही.

आता तुमच्याच दुकानातलं उदाहरण घेऊ. समजा ५०,००० चा माल गेला, १८ टक्के जीएसटी ९,०००, बिल झालं ५९,००० चं. गिऱ्हाईकाने त्यातला ४,००० चा माल खराब म्हणून परत आणून दिला, तुमच्या पोऱ्याने तो माळ्यावर ठेवून दिला आणि कोणी काही लिहिलं नाही. मग गिऱ्हाईकाने ४,००० आणि त्यावरचे ७२० कापून ५४,२८० पाठवले. सॉफ्टवेअरला काय दिसतं? ४,७२० येणं बाकी. ते इमानदारीत दर सोमवारी त्या माणसाला मेसेज पाठवणार, आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक तिसऱ्या मेसेजला भडकून फोन करणार की माल तुमच्या माळ्यावर आणि पैसे माझ्याकडे मागता? शिवाय क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, काढून ती जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवली नाही तर न झालेल्या विक्रीवरचे ७२० रुपये सरकारात भरले ते भरलेच. माळ्यावर काय पडलंय हे बँकेच्या एंट्रीत कुठे लिहिलेलं असतं? ते तुम्हाला माहीत असतं.

म्हणून माझं सांगणं असं की एंट्री मारायचं काम खुशाल त्याच्यावर सोडा, पण ताळा करायचं काम हातात घ्या आणि शेठच्या मुलाला सांगूनच घ्या. रोज सकाळी दुकान उघडल्यावर आदल्या दिवशीच्या आपोआप पडलेल्या एंट्र्या अर्धा तास डोळ्याखालून घाला. ज्या सॉफ्टवेअरला कळल्या नाहीत त्या ते सस्पेन्समध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगळ्या खात्यात टाकतं, त्या तरी दिसतात, पण ज्या त्याला कळल्या असं वाटतं त्या जास्त बघा. शेठने पेढीच्या खात्यातून घरचं लाइटबिल भरलं तर ते नेमाने दुकानाच्या खर्चात टाकलं जातं, कारण मागच्या वेळी त्याच नावाने गेलेली रक्कम खर्चातच होती. फोटोवरून चढलेली खरेदी पण मूळ बिलाशी लावून बघा, हाताने लिहिलेल्या बिलात १ चा ७ होतो आणि तारखेत महिना-दिवस उलटे होतात.

आणखी एक जागा आहे जिथे तुमची गरज पडणार. तुम्ही वसई-भाईंदरच्या छोट्या कारखान्यांकडून माल घेत असाल तर त्यांच्यातले जे उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीवर सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आहेत त्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतात. ही मुदत पाळली नाही आणि ३१ मार्चला रक्कम बाकी राहिली तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पुढे ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरायची. २०२३-२४ च्या वर्षापासून हे लागू आहे. नुसत्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ते नाही. आता कोण कारखानदार आणि कोण व्यापारी ही खूण पुरवठादाराच्या खात्यावर कोणीतरी माणसानेच लावायला लागते, ती लावली तरच सॉफ्टवेअर मुदत सांगेल. ही यादी तुम्ही या आठवड्यातच बनवा. दोन दिवसांचं काम आहे, आणि मार्चमध्ये ती यादी नसली तर शेठला टॅक्स वाढवून भरायला लागेल.

वही गेली म्हणून वाईट वाटत असेल तर तेही खरंच आहे, मला पण दिवाळीला लक्ष्मीपूजनात कोरी वही ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी कुर्ल्याच्या एका गोडाऊनचा हिशोब बघत होते, तळमजल्यावरच्या सात वर्षांच्या खतावण्या लगदा होऊन गेल्या, उधारी किती याचा पुरावाच उरला नाही, गिऱ्हाईक जे सांगेल ते खरं. तेव्हापासून बाहेर कुठेतरी साठवलेल्या हिशोबाला मी नाव ठेवत नाही. फक्त महिन्याला एकदा सगळा डेटा डाउनलोड करून पेनड्राइव्हवर पेढीत ठेवा, सॉफ्टवेअरवाल्याची वर्गणी उद्या थांबवली तरी जीएसटीची वह्या-बिलं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची जबाबदारी तुमचीच राहते.

आणि स्वतःचं वेगळं लॉगिन मागून घ्या, मुलाच्या पासवर्डवर काम करू नका.

ताई, मी लालबागला घरगुती मसाले आणि पापड करून विकते. आता सगळे यूपीआयनेच पैसे देतात, ते माझ्या सेव्हिंग खात्यात येतात, त्याच खात्यात मिस्टरांचे घरखर्चाचे आणि भिशीचे पण येतात. शेजारीण म्हणते यूपीआय घेऊ नको, नोटीस येईल, रोखच घे. खरं का?
— एक वाचक, लालबाग

यूपीआयने पैसे घेतले म्हणून टॅक्स लागत नाही, पण यूपीआयने आलेले पैसे दिसतात, एवढाच फरक. शेजारणीची भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे, २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, त्यात भाजीसारखा करमाफ माल विकणारे पण होते. त्यांना मग सांगत बसावं लागलं की यातलं काय विक्रीचं आणि त्यातलं काय करमाफ. तुमच्या खात्यात भिशी आणि मसाला एकत्र आहे, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर तुम्हालाही तेच करावं लागेल. म्हणून आधी धंद्याचं वेगळं करंट खातं काढा आणि क्यूआर कोड त्याचाच लावा. हे उद्याच करा.

रोखीकडे परत जायचं काही कारण नाही, उलट तुमचं नुकसान आहे. छोट्या धंद्याला इन्कम टॅक्समध्ये अंदाजे नफा धरायची सोय आहे, त्यात रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरावा लागतो आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्केच.

जीएसटीची नोंदणी फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर गेल्यावर लागते, तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली असाल. पण एक गोष्ट विचारून ठेवते, कारण हे खूप जणींकडून होतं. तुम्ही गोव्याला किंवा बेळगावला कोणाला कुरिअरने मसाला पाठवून पैसे घेता का? महाराष्ट्राबाहेर माल विकला की ती ४० लाखांची मुभा राहत नाही, रक्कम कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. असं होत असेल तर एखाद्या कर सल्लागाराला गाठा.

आणि गर्दीच्या वेळी समोरच्याने मोबाइलवर पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो धरू नका, आपल्या खात्यात आले का तेच बघा. रात्री त्या दिवसाची वही आणि खातं एकदा लावून बघितलं की झालं, दहा मिनिटांचं काम आहे.

साकीनाक्याला माझं छोटं मशीन शॉप आहे. एका पुरवठादाराला जीएसटीसकट पूर्ण पैसे दिले, पण त्याने बिलच जीएसटी पोर्टलवर चढवलं नाही, मला क्रेडिट, म्हणजे दिलेल्या जीएसटीची माझ्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. माझी काय चूक?
— एक वाचक, अंधेरी

तुमची चूक नाही, पण भुर्दंड तुम्हालाच आहे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवून ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीत आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होतो, तो रिटर्न भरायच्या २० तारखेच्या आधी खरेदीच्या नोंदींशी लावा. सॉफ्टवेअर हे मिनिटात करतं, पण बिल नंबरात एक आडवी रेघ कमी-जास्त असली तरी जुळत नाही म्हणून दाखवतं, ते डोळ्यांनी बघावंच लागतं.

पुढच्या वेळी नवीन पुरवठादाराला मालाचे पैसे वेळेत द्या आणि जीएसटीची रक्कम २बी मध्ये बिल दिसल्यावर द्या. हे ऑर्डर देतानाच बोलून घ्या, मागाहून अडवलं तर भांडणं होतात. आत्ताच्या पुरवठादाराला फोन नको, बिलाची प्रत जोडून मेल करा. त्याने पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं तरी तुम्हाला मिळेल.

ताई, मी २३ वर्षांची आहे, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्सला पहिलीच नोकरी. साहेब म्हणतात फेब्रुवारीतली एक विक्रीची एंट्री डिलीट कर, आणि तुझ्याच लॉगिनने कर. कारण सांगत नाहीत. करू का?
— एक वाचक, विक्रोळी

नको गं, असं करू नकोस. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, कधी केला, आधी काय होतं, आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटरला त्याच्या अहवालात यावर लिहावंच लागतं. म्हणजे एंट्री दिसेनाशी झाली तरी ती तू काढलीस हे राहणारच, आणि साहेबांनी सांगितलं होतं हे कुठेच राहणार नाही.

एंट्री खरंच चुकीची असेल तर ती काढायची नसते, उलटी एंट्री टाकायची, खाली दोन ओळींत कारण लिहायचं, आणि बिल गेलेलं असेल तर क्रेडिट नोट. साहेबांना तोंडावर नाही म्हणायला जड जात असेल तर साधा मेल टाक, की अमुक तारखेची अमुक रकमेची एंट्री रद्द करायला सांगितलीत, कारण काय लिहू. चूक खरी असेल तर ते दोन ओळीत उत्तर देतील. उत्तर आलं नाही तर एंट्रीला हात लावू नकोस, त्या मेलची एक प्रिंट काढून ठेव, पासवर्ड बदल, आणि घरी कोणाला तरी हे सांगून ठेव. काय झालं ते मला परत लिही.