नाडी कमी भरली म्हणजे फिटनेस चांगला, असं नसतं (बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी जरूर वाचा)

दादा, तुम्ही लिहिलंय की वय ५२, बीपीची गोळी तीन वर्षं चालू आहे, डिचोलीच्या जिममध्ये पहिल्याच दिवशी चाचणी झाली, नाडी 'खेळाडूसारखी' निघाली म्हणून सोमवारपासून तुम्हाला वरच्या, जास्त जोराच्या बॅचला घेताहेत. आणि ट्रेडमिलवरून उतरल्यावर दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी हेच सगळं माझ्या बाबतीत झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याला राहणारी, बँकेत नोकरी करणारी बाई आहे. हा माझा अनुभव समजा, उपचार नव्हे.

तेव्हा मी ४७ वर्षांची होते. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आत दमट हवा. जिमच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'चालू औषधे'. त्यात मी 'नाही' असं लिहिलं. बीपी आटोक्यात होतं, त्यामुळे तो आजार आहे असं मला वाटतच नव्हतं. शिवाय गोळीचं लिहिलं तर डॉक्टरांचा दाखला मागतील आणि महिना जाईल ही भीती. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. पण तो फॉर्म कुणी वाचलाही नाही, एक प्रश्न तोंडी विचारला नाही, हे मी आजही विसरलेले नाही.

मग पायरीची चाचणी झाली. १२ इंच उंचीच्या पायरीवर तीन मिनिटं तालावर चढउतार करायची, लगेच बसायचं आणि मिनिटभर नाडी मोजायची. माझी ८८ भरली. तक्त्यात बघून ट्रेनर म्हणाला, "मॅडम, एकदम वरची रांग!" मला केवढा आनंद झाला होता.

माझी गोळी मेटोप्रोलॉलची, म्हणजे बीटा ब्लॉकर. ती हृदयाचा वेगच धरून ठेवते. अंग कितीही थकलं तरी नाडी त्या प्रमाणात वर जात नाही. पायरीचा तक्ता मात्र सरळ हिशोब करतो, नाडी कमी म्हणजे फिटनेस जास्त. माझी ८८ त्या गोळीची होती, माझ्या फिटनेसची नव्हती.

पुढे त्याच कागदावरून व्यायाम ठरला. २२० वजा वय म्हणजे १७३, त्याच्या ७० ते ८५ टक्के म्हणजे १२१ ते १४७ ठोके. माझी नाडी ११० च्या वर जाईना, म्हणून ते ट्रेडमिलचा चढ वाढवत राहिले. (गोळी नसलेल्यांनाही सांगते, हे सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात.) तिसऱ्या आठवड्यात पट्टा एकदम थांबवून उतरले आणि समोर काळोख. उजव्या हातावर पडले, मनगट मोडलं. त्या वर्षी गणेश चवथीला नेवऱ्या (करंज्या) जावांनी केल्या, मी प्लास्टर घेऊन पाटावर बसून बघत होते.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, चाचणीत काय केलं, किती वेळ, नाडी किती? माझ्याकडे कागद नव्हता. जिममध्ये तीनदा गेले. आधी म्हणाले, ऑफिसचा कागद आहे, देता येत नाही. मग म्हणाले, अ‍ॅपवर बघा. अ‍ॅपवर फक्त वजन. शेवटी म्हणाले, तो ट्रेनर सोडून गेला, फाईल सापडत नाही. अहो, शरीर माझं, आकडे माझे! तेव्हापासून कुठेही मोजमाप झालं की तिथल्या तिथे कागदाचा फोटो काढते. तुम्हीही काढा, नाही म्हणाले तर तिथे पैसे भरू नका.

माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो: पहिल्या दिवसाची 'फुकट चाचणी' बऱ्याच ठिकाणी पॅकेज विकायला असते. विचारपूस आधी, पायरी नंतर, असा क्रम हवा. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का, असेच प्रश्न. एकाचंही उत्तर 'हो' आलं की आधी डॉक्टर. तुमची दोन तर आत्ताच 'हो' आहेत.

आता मी स्वतःला कशी मोजते ते सांगते. डॉक्टरांनी मला नाडीऐवजी श्रमाची पट्टी दिली, म्हणजे किती श्रम पडताहेत ते आपणच आकड्यात सांगायचं, ६ ते २० मध्ये, आणि ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलं. चालताना बोलता यावं, गाता मात्र येऊ नये, इतपत. खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजते. कधी एक मैल चालून घड्याळ लावते, ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. मिरामारच्या वाळूत ही चाचणी करू नका, पाय रुततात, वेळ चुकते. दर दोन महिन्यांनी तीच वेळ, तेच बूट, गोळी घेतल्यानंतर तितक्याच तासांनी. घामानं भिजलेल्या अंगानं चरबी मोजायच्या मशीनवर उभं राहू नका, अंगातल्या पाण्याबरोबर आकडा हलतो. त्यापेक्षा कमरेला टेप लावा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांना ८० च्या.

आणि व्यायाम एकदम थांबवू नका, शेवटची पाच मिनिटं हळूहळू चाला. थांबल्यावर रक्त पायांत उतरतं, बीपीच्या गोळीनं अंधारी जास्त येते.

गोळी मात्र मनानं बंद करू नका, हात जोडून सांगते. बीटा ब्लॉकर अचानक सोडणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना अंधारीचं सांगा, झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. सोमवारची बॅच तोवर नको. आज रात्री गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं नीट वाचा. कंपनीनं दिलेलं नाव वेगळं असतं, औषधाचं वेगळं, एकाच गोळीत दोन औषधंही असू शकतात. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, असं 'लॉल' नं संपणारं काही दिसतंय का बघा आणि मला इथेच कळवा.