निवेदन कुणाच्या टेबलावर जाणार?

प्रिय सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

आपल्या फार्मासिस्ट संघटनेच्या जिल्हा शाखेने शासनाकडे पाठपुरावा करण्याचं काम तुझ्याकडे दिलंय, हे कळलं. लेटरहेडवर बारा मागण्या लिहायच्या आणि पुष्पगुच्छासह पालकमंत्र्यांच्या हातात द्यायच्या, ही आपली जुनी रीत. फोटो छापून येतो, निवेदन पुढे कुठे गेलं ते कुणी विचारत नाही.

तू एकच मागणी धर आणि आधी ती कुणाच्या अधिकारातली आहे ते शोध. औषधं हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा यादीत, असला तरी आपले मुख्य कायदे केंद्राचे आहेत: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि फार्मसी कायदा १९४८. विक्रीचे नियमही (१९४५ चे) केंद्रच बदलतं. राज्याने केंद्राच्या कायद्याशी विसंगत दुरुस्ती केली, तर ती टिकायला राष्ट्रपतींची संमती लागते. त्यामुळे ऑनलाइन औषधविक्रीसाठी आमदाराला गळ घालून फारसं हाती लागत नाही. २८ ऑगस्ट २०१८ ला ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने काढला, हरकतींना मुदत ४५ दिवसांची होती. बरोबर महिन्याने, २८ सप्टेंबरला, त्याच्या निषेधात देशभर औषधांची दुकानं बंद राहिली. बंदाची बातमी होते. फाइलला मात्र लेखी हरकत लागते, तीही नियमवार: मसुद्यातला शब्द, आपण सुचवतो तो शब्द आणि दोन ओळींत कारण. केंद्राला सल्ला देणाऱ्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळावर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने निवडून दिलेला एक सदस्य असतो. तो रस्ता आपले लोक विसरतात.

राज्याच्या हातातलं कामही कमी नाही. रिक्त पदांचंच बघ. औषध निर्माण अधिकारी, म्हणजे सरकारी फार्मासिस्ट, हे पद प्राथमिक आरोग्य केंद्रात जिल्हा परिषदेचं, जिल्हा रुग्णालयात सार्वजनिक आरोग्य विभागाचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभागाचं. औषध निरीक्षकाची जागा पुन्हा अन्न व औषध प्रशासनाकडे. 'फार्मासिस्टची रिक्त पदं भरा' असं मोघम लिहिलंस, तर प्रत्येक विभाग 'ही बाब आमच्याशी संबंधित नाही' असं कळवून मोकळा होईल, आणि त्याचं चुकलेलंही नसेल.

आमदारांना भेटायचं ते अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, मतदारसंघात. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नाची, सूचना आगाऊ द्यावी लागते. अधिवेशन चालू असताना नागपूरला धावत गेलास तर फार तर लक्षवेधीचा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेचा, प्रयत्न करता येईल. सोबत त्याच मतदारसंघातला मतदार असलेला फार्मासिस्ट ने. एक पान आमदारांना, एक त्यांच्या पीएला. पुढचं सगळं पीएच्याच हातून होतं, त्यांना वगळू नकोस.

त्या पानावर प्रश्न सभागृहाच्या भाषेतच लिही: 'अमुक तालुक्यातील अमुक पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' जागा, पद आणि महिना अचूक हवेत. एक आकडा चुकला की 'हे खरे नाही' असं उत्तर येतं आणि पुढच्या पोटप्रश्नांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' छापलं जातं. आकडे ऐकीव नकोत. माहिती अधिकारात मिळालेला कागद जोड.

एका सवालाची तयारी ठेव: 'तुमच्याच दुकानांत फार्मासिस्ट कुठे असतो?' प्रिस्क्रिप्शनवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायचं, हे १९४५ च्या नियमांतच आहे. फार्मासिस्टने स्वतः दुकानात न बसता आपलं प्रमाणपत्र दुकानाला भाड्याने देण्याचा धंदा सगळ्यांना ठाऊक असतो, आमदारालाही. संघटनेने त्याविरुद्ध लेखी ठराव केलेला असेल तर तो पुढे कर. नसेल, तर आधी तो करून घे. दुकानमालक आणि नोकरीतला फार्मासिस्ट यांचं हित इथे एक नसतं, त्यामुळे बैठकीत आवाज चढतील. चढू देत.

राज्य फार्मसी कौन्सिलला मात्र संघटना समजू नकोस. ती कायद्याने स्थापलेली संस्था आहे, तिचं काम नोंदणीचं. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून दिलेले सहा सदस्य असतात. त्यांच्याशी बोलावं जरूर, पण आपली मागणी त्यांनी लढवावी अशी अपेक्षा धरू नये.

मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटलं, तर कामकाजाच्या वृत्तातला तो उतारा मिळव. विधिमंडळाची आश्वासन समिती अशाच शब्दांचा पाठपुरावा करते. 'तपासून घेऊ' एवढंच म्हटलं असेल, तर पुढच्या अधिवेशनासाठी नवा प्रश्न आतापासून लिहायला घे. आणि मंत्रालयात कागद देशील तेव्हा आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.