जाळीआडचा वाघ आणि इतर शंका

प्रश्न : सुट्टीत मुलांना घेऊन वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात दोनदा फोटो काढले. कॅमेऱ्याला ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहे. वाघ-बिबट्याच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत जाळी ठळक आणि प्राणी धूसर. मोठी लेन्स घ्यावी का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : नको, आहे ती पुरेशी आहे. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा बहुतेक वेळा समोर जे सर्वांत जवळ असेल त्यावर फोकस करतो, म्हणजे तारेवर. एकच फोकस पॉइंट निवडा आणि जाळीच्या चौकोनातून तो प्राण्याच्या डोळ्यावर धरा. तरीही तारेवरच अडकत असेल तर मॅन्युअल फोकस.

आता तार नाहीशी कशी करायची? लेन्स पूर्ण २५० वर न्या आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ ठेवा (अॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफचा आकडा लहान तितके ते मोठे). तेव्हा हे छिद्र साधारण ४५ मिमी रुंद असते. ३ मिमीची तार त्याचा अगदी थोडा भाग झाकते आणि विरून जाते. ‘सगळे स्पष्ट यावे’ म्हणून एफ १६ केलेत की छिद्र १६ मिमीवर येते आणि तीच तार जवळपास पाचवा हिस्सा अडवते. इथे बहुतेकांचे चुकते.

कठड्यामुळे लेन्स जाळीला टेकवता येत नाही, आणि त्यावरून वाकायचेही नाही. म्हणून प्राणी जाळीपासून किती मागे आहे यावर सारे अवलंबून. वाघ जाळीला अंग घासत चालला असेल तर कॅमेरा खाली ठेवा. तो मागच्या भिंतीकडे वळला की मग बटण दाबा. चालत्या वाघाला १/५०० सेकंदाचे शटर लागते, प्रकाश कमी असला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवा. आणि तारेवर ऊन नको. उन्हातली तार कितीही धूसर केली तरी फोटोवर पांढुरकी झाक आणते. सकाळी जी बाजू उन्हात असते तिथे दुपारनंतर जा.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. काही जमेल? (कॉलेज विद्यार्थिनी, कारेलीबाग)

उत्तर : वरची युक्ती नाही जमणार, कारण मोबाईलच्या लेन्सचे छिद्र काही मिमीचेच. पण याच छोटेपणाचा फायदा आहे : कठडा नसलेल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांशी अख्खी लेन्स जाळीच्या एका चौकोनात बसते. फोन जाळीशी सपाट धरा, बोटे बाहेरच. अंधाऱ्या जागी काही फोन टेलिलेन्स (दूरचे जवळ आणणारी वेगळी लेन्स) न वापरता मुख्य लेन्सचेच चित्र कापून मोठे करतात. टेलिलेन्सवर बोट ठेवून पाहा. पडद्यावर काहीच फरक पडला नाही तर तेच चालले आहे. फ्लॅश बंदच हवा. तो आधी जाळी उजळतो, शिवाय प्राणी बिचकतात.

प्रश्न : काळे अस्वल राखाडी येते आणि पांढऱ्या पक्ष्याची पिसे नुसती पांढरीफटक येतात. असे का?

उत्तर : कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी धरतो. अस्वलाने चौकट भरली असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे १ करा. पांढऱ्या पक्ष्याचे मात्र फसवे आहे : चौकट त्यानेच भरली असेल तर अधिक ०.७, पण मागे गर्द झाडी असेल तर उलट उणे ०.७.

प्रश्न : प्राणी पाठ करून झोपलेले असतात. टाळी वाजवली तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे हे सारे मना आहे. खाणे देण्याची वेळ कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. राखणदाराची चाहूल लागली की प्राणी आपणहून उठतात. तोवर बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून पात्रातल्या मगरी पाहा. त्या तासन्‌तास हलत नाहीत, तेव्हा १/१२५ शटरही पुरते. पाण्याची चकाकी पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) फिरवून कमी होते. काठावर मात्र उतरू नका. या मगरी पिंजऱ्यातल्या नाहीत.