अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या मुख्य कोचची कारकीर्द कशी असते? त्याला कुलगुरूंपेक्षाही जास्त पगार आणि मान का मिळतो?

मी पीएचडीसाठी पाच वर्षं कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन गावात होतो. हे न्यूयॉर्कचं मॅनहॅटन नव्हे. गहू, ज्वारी आणि गुरांच्या मुलखातलं हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव, आणि तिथे कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी आहे. माझा विषय ज्वारी. तिकडचे शेतकरी तिला 'मायलो' म्हणतात आणि बहुतेक ती गुरांना घालतात. आम्ही तिची भाकरी खातो हे सांगितलं की समोरचा माणूस दोन मिनिटं गप्प व्हायचा. त्या गावात राहून विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कितीतरी वर्षं मुख्य कोच राहिलेले बिल स्नायडर यांचं नाव कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्यावरूनच देतो.

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचा, फेकायचा, अंगावर धडकायचा खेळ. तो खेळतात विद्यापीठाचे विद्यार्थी, पण पैसा व्यावसायिक खेळासारखा येतो: टीव्हीचे हक्क, तिकिटं, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. म्हणूनच अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात वरचं नाव फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या कोचचं असतं. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त त्यांना देणं लागत होतं. काम न करण्याचे! माझं स्पष्ट मत आहे की हे अति झालंय. २०२१ पर्यंत खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घेतला तरी अपात्र ठरवायचे, आणि त्यांच्याच जिवावर कोच कोट्यधीश होत होते. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळायला २०२५ साल उजाडलं. हा अन्याय होता, आणि फार वर्षं चालला.

पण पगाराचे आकडे बघून कारकीर्द कळत नाही. बहुतेक कोचांचं अर्धं आयुष्य कुणाला नावही माहीत नसताना जातं. स्नायडर यांचा जन्म १९३९ चा. मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात आईने एकटीने वाढवलं. कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये कोचिंग केलं, मग टेक्सासमधलं छोटं ऑस्टिन कॉलेज, मग नॉर्थ टेक्सास विद्यापीठ. तिथे मुख्य कोच हेडन फ्राय यांचे सहायक झाले आणि १९७९ मध्ये त्यांच्याबरोबरच आयोवाला गेले. आयोवात दहा हंगाम सहायक! या धंद्याची शिडी अशीच असते: आधी जेमतेम मानधनावर पडेल ते काम, मग एखाद्या जागेच्या खेळाडूंचा कोच, मग आक्रमण किंवा बचाव या एका बाजूचा प्रमुख, आणि नशीब असेल तर मुख्य कोच. प्रत्येक पायरीला बिऱ्हाड पाठीवर. स्नायडर मुख्य कोच झाले तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते.

आणि झाले कुठे, तर कॅन्सस स्टेटमध्ये. तेव्हा वरच्या श्रेणीत याहून वाईट संघ देशात नव्हता. पाचशे सामने हरणारा या श्रेणीतला पहिला संघ हाच. १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांतल्या २२ सामन्यांत विजय शून्य, एक बरोबरी. हंगामाच्या शेवटी चांगल्या संघांना 'बाउल' नावाच्या सामन्याचं बोलावणं येतं, ते या विद्यापीठाला तोवरच्या सगळ्या इतिहासात एकदाच आलं होतं, १९८२ मध्ये. शहाण्या माणसाने ही नोकरी धरली नसती.

माझे घरमालक सत्तरीचे शेतकरी होते. गहू आणि मायलो करायचे, थोडी गुरं होती. त्यांच्याकडे जुन्या काळापासून हंगामाचं तिकीट होतं. मी एकदा विचारलं, संघ हरणारच हे माहीत असताना जात कशाला होता? ते म्हणाले, "बँड चांगला होता." हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. मध्यंतरात विद्यापीठाचा बँड मैदानात यायचा, तो ऐकायचा आणि गुरांना चारा घालायला घरी परतायचं.

स्नायडर यांनी नेमकं काय केलं, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. आल्या आल्या संघाचं चिन्ह बदललं. रानमांजराच्या तोंडाची जी ठसठशीत जांभळी आकृती आज गावात प्रत्येक दुकानावर आणि गाडीवर दिसते, ती विद्यापीठातल्याच कलेच्या प्राध्यापकांनी काढलेली. मोठ्या विद्यापीठांनी उचललेले हिरे आपल्याकडे येणार नाहीत हे ओळखून त्यांनी दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजांतून खेळाडू शोधले. १९९८ चा गाजलेला क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू फेकणारा खेळाडू) मायकेल बिशप असाच टेक्सासच्या ब्लिन कॉलेजमधून आला. हंगामाच्या सुरुवातीला मुद्दाम सोपे प्रतिस्पर्धी घेतले, म्हणजे पोरांना जिंकायची सवय लागेल. यावरून त्यांच्यावर टीका खूप झाली. मला ती पटत नाही. जे रोप जेमतेम उगवलंय त्याला पहिल्याच दिवशी भर उन्हात कोण ठेवतं?

आणि कष्ट. दिवसात एकदाच जेवायचे, तेही रात्री उशिरा, कारण जेवणात वेळ जातो. हे मला आदर्श वाटत नाही. घरच्यांनी त्याची किंमत मोजलीच असणार. मैदानाला आपलं नाव द्यायचं ठरलं तेव्हा त्यात 'फॅमिली' हा शब्द हवा असा त्यांनी आग्रह धरला. बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम हे नाव तिथून आलं. मला ते वाचताना नेहमी थोडं गलबलून येतं. याच माणसाला विरोधी संघातल्या जखमी खेळाडूंना जांभळ्या शाईत स्वतःच्या हाताने पत्रं लिहायला मात्र वेळ असायचा.

पहिल्या हंगामात अकरांपैकी एक विजय, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात. १९९३ ते २००३ अशी सलग अकरा वर्षं बाउलचं बोलावणं. १९९८ मध्ये पहिले अकराच्या अकरा सामने जिंकून संघ देशात पहिल्या क्रमांकापर्यंत गेला होता. मग विभागाच्या (म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमविरुद्ध शेवटच्या सत्रात १५ गुणांची आघाडी असताना बरोबरी झाली आणि दुसऱ्या जादा डावात ३६–३३ अशी हार. राष्ट्रीय अजिंक्यपद तिथेच हुकलं, ते हुकलंच. गावात अजून कुणी तो सामना आपणहून काढत नाही.

कोच मोठा की नाही हे त्याच्या हाताखालून कोण बाहेर पडलं यावरून बघावं. बॉब स्टूप्स स्नायडर यांचे सहायक होते. ते ओक्लाहोमाला मुख्य कोच झाले आणि २००० साली त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. २००३ मध्ये विभागाच्या अंतिम सामन्यात हेच गुरू-शिष्य समोरासमोर आले. ओक्लाहोमा एकही सामना न हरलेला, पहिल्या क्रमांकाचा संघ. पहिला टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) त्यांचाच. आणि त्यानंतरचे ३५ गुण सगळे कॅन्सस स्टेटचे. ३५–७! डॅरन स्प्रोल्स हा जेमतेम साडेपाच फुटांचा पोरगा त्या दिवशी चेंडू घेऊन २३५ यार्ड धावला. १९३४ नंतर विभागाचं पहिलं विजेतेपद.

२००५ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. पुढच्या कोचला तीन हंगामांत काही बसवता आलं नाही आणि विद्यापीठाने २००८ च्या शेवटी पुन्हा स्नायडर यांनाच बोलावलं. वय ६९. २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा विभागाचं विजेतेपद आणलं. २०१७ मध्ये घशाचा कर्करोग झाला, उपचार घेत घेत काम चालू ठेवलं. २०१८ ला थांबले तेव्हा नावावर २१५ विजय, ११७ पराभव आणि एक बरोबरी होती. एवढं सगळं एका माणसावर उभं राहावं हे संस्थेच्या दृष्टीने बरं नव्हे, असं मी तिथे असतानाही म्हणायचो. लोकांना ते आवडायचं नाही.

मान का, याचं उत्तर मला १ डिसेंबर २०१२ च्या रात्री मिळालं. टेक्सासविरुद्धचा सामना, जिंकला तर विजेतेपद. घरमालकांनी मला बरोबर नेलं होतं, कॉफीचा थर्मास दोघांत एक. बँड वाजायला लागला की तिथे रांगेतली माणसं एकाआड एक पुढे-मागे झुलतात. माझ्या एका खांद्याला डीन, दुसऱ्याला धान्याच्या ट्रकचा ड्रायव्हर. खाली कडेला त्र्याहत्तर वर्षांचे कोच कानाला हेडसेट लावून उभे, चेहऱ्यावर काही नाही.

तिथे बसल्या बसल्या घरमालकांनी मला ३० सप्टेंबर १९८९ सांगितला. नॉर्थ टेक्सासविरुद्धचा सामना, स्नायडर यांचा चौथा. आधीचे तिन्ही हरलेले. नेहमीप्रमाणे घरमालक बँड ऐकून उठले आणि निघाले. घराच्या फाटकाशी पोचले तेव्हा ट्रकच्या रेडिओवर शेवटचा डाव चालला होता. घड्याळ शून्यावर आलं आणि कार्ल स्ट्रॉने फेकलेला चेंडू फ्रँक हर्नांडेझने टचडाउनसाठी झेलला. २०–१७. घरमालक फाटक उघडायला खाली उतरले होते, ते तसेच हातात साखळी धरून उभे राहिले. जवळपास तीन वर्षांतला पहिला विजय, आणि तिकीट खिशात असून ते तिथे नव्हते.

त्या रात्री टेक्सासविरुद्ध ४२–२४ झालं. निकाल बराच आधी लागला होता आणि कॉफीही संपली होती. मी म्हटलं, पार्किंगमध्ये गर्दी होईल, निघायचं का? त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून काही सेकंद बाकी होते.