जॅकेटच्या खिशातला लायटर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षातून सुट्टीला घरी आला, जॅकेट धुवायला टाकताना खिशात लायटर सापडला. विचारलंत तर म्हणाला, "आई, मी काही ओढणारा नाही. मित्र बाहेर जातात तेव्हा एखादी घेतो, एवढंच." तो खोटं बोलतोय का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. त्याला खरंच तसं वाटतंय, आणि मला काळजी वाटते ती त्याच्या या समजुतीचीच.

आधी त्याच्या जागी उभं राहून बघा. वर्गात सगळे अनोळखी, जो तो फोनमध्ये डोकं घालून बसलेला. बाहेर मात्र "लायटर आहे का?" एवढं विचारलं की ओळख होते. कुणी बोलवावं लागत नाही, विषय शोधावा लागत नाही, गप्प उभं राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. आणि दिवसातून तीन-चार वेळा तीच माणसं त्याच दाराबाहेर भेटतात. बुजऱ्या मुलाला याहून सोपी वाट कुठली? हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी मीही अशीच जिन्याखाली उभी राहायचे. सिगारेटची चव मला कधीच आवडली नाही, पण नावाने हाक मारणारी माणसं तिथेच होती. म्हणून सांगते, "असले मित्र सोड" असं कृपा करून म्हणू नका. सध्या त्याच्याकडे तेवढेच आहेत.

पण निकोटीनला मैत्रीशी काही देणंघेणं नसतं. झुरका घेतल्यावर ते १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि मग शरीर पुन्हा मागू लागतं. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे या वयात सवय लवकर जडते. रोज न ओढणाऱ्यालाही. "मग व्हेप घेतो" (म्हणजे ई-सिगारेट) म्हणाला तर तेही स्पष्ट सांगा: बहुतेक व्हेपमध्ये निकोटीन असतंच, आणि घशाला फारसं टोचत नाही म्हणून किती ओढलं याचा हिशोब राहत नाही.

बोलायला बसाल तेव्हा "कधीपासून?" विचारू नका. "तिथे कोण कोण असतं?" असं विचारा. कोण कुठला, कोण काय शिकतो, सांगू दे त्याला. मग दोनच प्रश्न. एकटा असताना ओढतोस का? सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय पक्की झाली आहे. डॉक्टरही हेच विचारतात. तसं असेल तर त्याला कॉलेजच्या आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. निकोटीनचे पॅच आणि गम असतात, समुपदेशनाचाही उपयोग होतो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. परीक्षेच्या तोंडावर मात्र सुरुवात नको.

अजून तिथवर गेलं नसेल तर मित्रांसोबत बाहेर जाणं चालू ठेवू दे, फक्त हातात कॉफीचा मग असू दे आणि धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला उभा राहू दे. कुणी पुढे केली तर "नको, मी गप्पा मारायला आलोय" एवढंच म्हणावं. कारणं देत बसू नये. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढायला लागतो. आणि त्यातल्या ज्या एकाशी खरंच सूर जुळलाय, त्याला त्या दाराबाहेरून दुसरीकडे न्यावं: एकत्र जेवायला, अभ्यासाला, संध्याकाळी चालायला.

त्याच्या बाबांना सांगायचं का, हेही तुम्ही विचारलंय. सांगा, पण सांगणार आहात हे आधी मुलाच्या कानावर घाला. आणि तुम्ही कपाटात लपवून ठेवलेला तो लायटर त्याला परत द्या. त्याचं काय करायचं ते त्याला ठरवू दे.