सिंगल सेलमध्ये करिअर: आधी बेंच की आधी कोडिंग?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी बायोटेक संपत आली, सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये (एकेका पेशीतला आरएनए वाचून तिच्यात कुठली जनुकं किती चालू आहेत ते मोजणं) संशोधन करायचंय, पण प्रयोगशाळेतलं काम, म्हणजे बेंच, पकडावं की कोडिंग, हे ठरत नाही. दोन्ही धरलं तर धड एकही येणार नाही अशी धास्ती आहे. बारा वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या क्षेत्राचा प्रवास समजून घ्यायला अविव रेगेव यांचं काम बघा. पीएचडी तेल अवीव विद्यापीठाची, विषय कम्प्युटेशनल बायोलॉजी, म्हणजे संगणक आणि गणिताच्या मदतीने जीवशास्त्र. २००६ मध्ये त्या एमआयटी आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने जो पेपर काढला त्यात पेशी होत्या फक्त १८! उंदराच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या रोगप्रतिकारक पेशी. सगळ्यांना जिवाणूच्या आवरणातला एकच घटक दिलेला, तरी एखादं जनुक एका पेशीत जोरात चालू आणि तिच्या शेजारणीत जवळपास बंद. हजारो पेशींचा आरएनए एकत्र काढला असता तर हा फरक सरासरीत विरून गेला असता. पेपरचे पहिले लेखक दोघं, बरोबरीचे: प्रयोगाच्या बाजूने अॅलेक्स शालेक, गणनेच्या बाजूने राहुल सतिजा. आज आपण सगळे वापरतो ते 'स्युरा' हे सॉफ्टवेअर सतिजांचंच, ठिपक्यांनी चित्र रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या नावाचं.

दोनच वर्षांनी हजारो पेशी एकदम मोजणारं ड्रॉप-सेक हे तंत्र आलं. प्रत्येक पेशी तेलातल्या एकेका थेंबात, सोबत बारकोड असलेला मणी, म्हणजे कुठला आरएनए कुठल्या पेशीचा हे नंतर ओळखता येतं. पहिल्याच पेपरात उंदराच्या डोळ्याच्या पडद्यातल्या ४४,८०८ पेशी. २०१८ मध्ये रेगेव यांच्या गटाला श्वासनलिकेच्या अस्तरात आयोनोसाइट नावाच्या अगदी विरळ पेशी सापडल्या. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांत चिकट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९८९ पासून माहीत होतं, पण उंदराच्या श्वासनलिकेत ते सगळ्यात जास्त या मूठभर पेशींत चालू असतं, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एका गटालाही स्वतंत्रपणे त्याच वेळी तेच दिसलं. मला तो दिवस अजून आठवतो, लॅबमध्ये आम्ही सगळे एकाच स्क्रीनभोवती उभे होतो.

आता माझी गोष्ट. उंदराच्या मूत्रपिंडाच्या डेटात मला एक वेगळाच क्लस्टर, म्हणजे सारख्या पेशींचा गट, दिसला. फॉस, जून, ईजीआर१ ही सगळी जनुकं त्यात चढलेली. तीन आठवडे मी त्याला नवा पेशीप्रकार समजून आकृत्या काढत बसले. आमच्या एका ज्येष्ठ टेक्निशियन ताईंनी एवढंच विचारलं, "ऊतक एन्झाइममध्ये किती वेळ होतं, गं?" ऊतकातल्या पेशी सुट्या करायला हे एन्झाइम लागतं; सदतीस अंशांवर पाऊण तास. ही जनुकं पेशीवर ताण आला की चढतात; सुट्या करताना पेशी घाबरल्या होत्या, आणि मी त्यांची घाबरगुंडी मोजत होते. थंडीत काम करणारं एन्झाइम वापरून प्रयोग पुन्हा केला, क्लस्टर गायब. चूक कोडमध्ये शोधून कधीच सापडली नसती, कारण कोड बरोबरच होता.

म्हणून माझं म्हणणं: तुमचा कल असेल ती एक बाजू पक्की करा, पण पेशीचा आकडा होईपर्यंत तिच्यावर काय काय गुदरलं, हे दोन्ही बाजूंच्या माणसाला माहीत असलंच पाहिजे. कोडिंग घेणार असाल तर निदान एकदा ऊतक सुटं करणाऱ्याच्या शेजारी उभं राहा, ट्रिपन ब्लू या रंगाने निळ्या झालेल्या मेलेल्या पेशी स्वतः मोजा. बेंच घेणार असाल तर संख्याशास्त्र टाळू नका. तीन रुग्णांच्या तीस हजार पेशी म्हणजे रुग्ण तीनच, हे न कळल्यामुळे चांगले चांगले निष्कर्ष कोसळलेले पाहिलेत.

महागड्या यंत्रासाठी थांबू नका. एका निरोगी माणसाच्या २,७०० रक्तपेशींचा डेटा मोफत मिळतो, स्युराचा पहिला धडा त्यावरच आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. शेवटी प्लेटलेट्सचा इवलासा गट दिसेल, जेमतेम डझनभर. प्लेटलेटला केंद्रक नसतं, मग तिच्यात हा आरएनए आला कुठून? शोधा आणि इथेच लिहा, मी वाट बघते.