चार जणांचा 'चमू' कसा?

एका वाचकाने विचारलं आहे: नासाच्या क्रू-9 या अंतराळ स्थानकाच्या मोहिमेतून दोघींची नावं गळली तेव्हा 'चमूतून दोघींना डच्चू' असं वाचलं. चौघांना चमू म्हणणं बरोबर का? डच्चू हा शब्द योग्य का? आणि अशा मोहिमेच्या, पोशाखावर लावायच्या 'पॅच'ला मराठीत ठिगळ म्हणायचं का?

डच्चूचं आधी उरकतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. डच्चू मिळतो धावा आटलेल्या फलंदाजाला, नाहीतर श्रेष्ठींची मर्जी गेलेल्या मंत्र्याला. झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन यांचं काय चुकलं होतं? जून 2024 मध्ये बोइंगच्या स्टारलायनर यानातून बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स जेमतेम आठवड्यासाठी म्हणून गेले. यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं (थ्रस्टर) बिघडली, ते दोघं अंतराळ स्थानकावरच राहिले आणि सप्टेंबरात स्टारलायनर रिकामं परत आलं. त्यांना आणायचं तर क्रू-9 च्या ड्रॅगन कुपीत (म्हणजे कॅप्सूलमध्ये) दोन आसनं मोकळी हवीत, म्हणून या दोघी जमिनीवर थांबल्या. याला जागा सोडणं म्हणतात. फार तर 'वगळलं' म्हणा. डच्चू शब्दात ठपका आहे, आणि तो इथे कुणावरच नव्हता.

आता चमू. यावर काही शब्दपंडित फार कडक आहेत. त्यांचा हिशेब असा: जुन्या सैन्यगणनेत एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. ती तिप्पट-तिप्पट करत गेलं की सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना आणि सातव्या पायरीवर चमू. म्हणजे 729 रथ, तेवढेच हत्ती, 2187 घोडे, 3645 पायदळ. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन द्रोणाचार्यांना 'महतीं चमूम्' दाखवतो ती ही. मग चौघांचा चमू कसला, 'पथक' म्हणा, असा त्यांचा निकाल.

हा निकाल मला मुळीच मान्य नाही. पंडित सातव्या पायरीवर थांबले, त्याच्या मागे गेलेच नाहीत. ऋग्वेदात चमू म्हणजे सैन्य नव्हेच. तिथे चमू म्हणजे पात्र, सोमरस ज्यात ठेवायचा ते भांडं. नवव्या मंडलात सोमाला उद्देशून म्हटलं आहे, 'चमूष्वा नि षीदसि', तू चमूंमध्ये येऊन बसतोस. बसतोस! चम् म्हणजे पिणं, खाणं. आपलं आचमन त्याच धातूचं आणि यज्ञातला चमसही. (चमचा मात्र या कुळात ओढू नये, तो फारसीतून आला.) काही भाष्यकार चमू म्हणजे सोम कुटायच्या फळ्या असं सांगतात. द्विवचन असतं तिथे ते एकवेळ ऐकून घेईन, कारण फळ्या दोन. पण इथे सरळ बहुवचन आहे, आणि रस फळ्यांवर बसत नाही, भांड्यात बसतो. 'शत्रूला गिळते ती चमू' ही टीकाकारांची व्युत्पत्ती तर मला ओढूनताणून आणलेली वाटते. माझं मत असं की आधी पात्र, मग त्या पात्रात एकत्र आलेले, आणि शेवटी रणात एकत्र आलेले.

अवकाशयानाला हे किती चपखल बसतं पाहा. कुपी हेच पात्र. चमूत कोण, हे पात्रातल्या जागा ठरवतात. विल्मोर आणि विल्यम्स गेले एका पात्रातून. 28 सप्टेंबर 2024 ला निक हेग आणि अलेक्सांद्र गोर्बुनोव दोन रिकाम्या आसनांसह वर आले. 18 मार्च 2025 ला चौघं एकाच पात्रातून उतरले. त्या दिवशी ते चौघं एक चमू होते, जाताना नव्हते. उलट, स्टारलायनरच्या पहिल्या मानवी उड्डाणासाठी 2018 मध्ये फर्ग्युसन, बो आणि मान ही तीन नावं जाहीर झाली होती. उड्डाण लांबत गेलं आणि निघायच्या दिवशी तिघांपैकी एकही आत नव्हतं. बो यांच्या जागी आलेले माइक फिंकही शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये ड्रॅगनमधून गेले, आणि त्या क्रू-11 ची कमांडर होती तीच झीना कार्डमन. म्हणून 'चमू' ठेवा. हिंदी बातम्यांतून उचललेलं 'चालक दल' तेवढं टाळा. मराठीत चालक म्हणजे गाडी हाकणारा.

राहिला पॅच. त्याला आपला 'बिल्ला' आहे की! शाळेत मॉनिटरच्या खिशावर असतो तोच शब्द, फक्त इथे तो कापडी आणि बाहीवर किंवा छातीवर शिवलेला. ठिगळ फाटक्याला लावतात. अपोलो 13 या चांद्रमोहिमेच्या बिल्ल्यावर नावंच नव्हती, त्यामुळे एप्रिल 1970 मध्ये जर्मन गोवराच्या धास्तीने, उड्डाण दोन-तीन दिवसांवर आलं असताना केन मॅटिंग्लींच्या जागी जॅक स्विगर्ट आले तरी बिल्ल्याला हात लावावा लागला नाही. चंद्रावर उतरायच्या यानाच्या पायावरच्या धातूच्या पाटीवर मात्र मॅटिंग्लींचं नाव होतं. स्विगर्टचं नाव असलेली नवी पाटी मोहिमेचे कमांडर जिम लॉवेल सोबत घेऊन गेले, चंद्रावर उतरल्यावर जुनीवर बसवायला. उतरणं झालंच नाही, ती पाटी लॉवेलकडेच राहिली.

खरं ठिगळ लागलं ते ऑगस्ट 1965 मध्ये, जेमिनी 5 च्या बिल्ल्यावर. नासाच्या माणसांनी वापरलेला हा पहिला मोहीम-बिल्ला. त्या उड्डाणाचे अंतराळवीर कूपर आणि कॉनरॅड यांनी त्यावर छत घातलेली घोडागाडी काढून घेतली होती आणि तिच्यावर 'आठ दिवस, नाहीतर फज्जा' अशा अर्थाचे शब्द. उड्डाण आधीच संपलं तर लोक त्यालाच फज्जा म्हणतील, ही नासाच्या प्रमुखांची भीती. म्हणून त्या शब्दांवर कापडाचा तुकडा शिवला. उड्डाण भरलं आठ दिवसांना साधारण तासभर कमी.